तिच्या बाजूचं आभाळ

जंगलाच्या टोकाला असलेल्या मनोऱ्यावर दोन घडीच्या खुर्च्या होत्या, पाठीला पाठ लावून ठेवलेल्या. डोंगराकडचं आभाळ दुर्बीणकाकांचं, दरीकडचं त्यांच्या बायकोचं. दरवर्षी स्थलांतर करणारे ससाणे, घारी, गरुड या वाटेने दक्षिणेला जायचे आणि हे दोघं त्यांची मोजदाद करायचे. दुसऱ्याच्या आभाळात नाक खुपसायचं नाही, नाहीतर एकच पक्षी दोनदा मोजला जातो, हा नियम तिचा. काकांनी संसारात इतका मुकाट्याने पाळलेला दुसरा नियम नव्हता.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. यंदा काका एकटेच आले. सकाळी जंगलात गाणाऱ्या पक्ष्यांची नोंद नीट व्हायची. आवाज ओळखायला एका माणसाचे कान पुरतात. दुपारी मनोऱ्यावर मात्र जीव रमत नसे. डबा उघडला की हात सवयीने मागे जाई आणि तसाच परत येई.

मग ही मोजदाद जिथे जमा व्हायची, त्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला.

"काका, आकडे निम्म्यावर आलेत. पक्ष्यांनी वाट बदललेली दिसते. असंच असेल तर मनोरा बंद करावा लागेल."

"अहो, मी डोळ्यांत तेल घालून बघतोय."

खोटं नव्हतं ते. मनोरा बंद म्हणजे घरी जायचं, आणि घरात होतं कोण? आणखी काही दिवस मान मोडेस्तोवर बघून त्यांनी हात टेकले आणि सामान आवरायला घेतलं. तिची खुर्ची मिटायला ते वळले, तेव्हा सहज वर लक्ष गेलं.

दरीवर ससाणेच ससाणे. तापलेल्या हवेवर गोल फिरत वर चढत होते आणि एकामागून एक दक्षिणेला सुटत होते. अख्खा हंगाम ते असेच काकांच्या पाठीमागून गेले असणार. वळून बघायचं त्यांना सुचलंच नव्हतं. ती गेली हे डोक्याला कळलं होतं. मानेला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

ती असती तर या गाढवपणावरून तिने महिनाभर पिडलं असतं. काका कठड्याला धरून पोटभर रडले. मग त्यांनी फोन लावला.

"बाई, पक्षी सगळे आहेत."

"मग कमी काय झालं?"

"माणूस," काका म्हणाले. "आणखी एक कुणीतरी पाठवा."

फोन खिशात टाकून ते तिच्या खुर्चीत बसले आणि मोजायला लागले. पाठीला त्यांचीच रिकामी खुर्ची टेकली होती.