तुलनेचं घर

“आणि आमचं छप्पर काय सावत्र आहे का?” इस्त्रीवाल्याने खालूनच विचारलं.

समोरच्या पत्र्यांवर पांढरा रंग फासणारी पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कॉलेजात पर्यावरण शिकणारी ती पोरं सकाळपासून गल्लीतली छपरं पांढरी करत होती, आणि त्यांच्यात सगळ्यात पुढे होती ती इस्त्रीवाल्याची स्वतःची लेक. ती शिडीवरून उतरली आणि हात पुसत म्हणाली, “आपलं नाही रंगवायचं, बाबा. आपलं तुलनेचं घर आहे.”

तुलनेचं घर म्हणजे काय, ते तिने नीट समजावून सांगितलं. उन्हाळे दरवर्षी जास्त तापत चाललेत. पांढऱ्या छपरावरून ऊन परतून जातं आणि घर गार राहतं. पण किती गार, हे पालिकेच्या साहेबांना दाखवायचं तर शेजारी एक न रंगवलेलं घर हवं. आकडे पटले तर पालिका सगळ्या वस्तीची छपरं रंगवून देणार होती.

“ते ठीक. पण आपलंच का?”

“दुसऱ्या कुणाला सांगू बाबा, की तुम्ही उकडत राहा म्हणून?”

लेकीची पाठ थोपटावी की कान उपटावा, हेच इस्त्रीवाल्याला ठरवता येईना. मग त्याने चांगली बसलेली एका पँटची घडी मोडून पुन्हा घातली.

घरात माणसं तीनच: तो, लेक आणि आत खाटेवर पडून असलेली त्याची आई. म्हातारीला सगळं ऐकू गेलं होतं. नको ते तिला नेहमीच ऐकू जायचं. “म्हणजे आपण भाजायचं आणि यांनी मोजायचं,” ती म्हणाली. “उकडतंय हे कळायला यंत्र कशाला लागतं गं? हातच्या काकणाला आरसा?”

“साहेबांच्या हातात काकण नसतं, आजी,” नात म्हणाली.

म्हातारी हसली. ती परवानगीच समजायला हरकत नव्हती.

खाटेच्या बरोबर वर, आढ्याला, तापमान मोजणारी डबी टांगली गेली. म्हातारीने तिचं नाव पाहुणा ठेवलं. खात नाही, पीत नाही आणि जायचं नावही घेत नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. दुपारी घरात कुणी नसलं की त्याच्याशी बोलायचीसुद्धा.

उन्हाळा चढत गेला. रंगवलेल्या घरांतली माणसं दुपारच्या झोपा काढायला लागली. शेजारीण हाक मारायची, “आजी, आमच्याकडे येऊन पडा ना.” म्हातारी एक-दोनदा गेली, मग गुडघ्यांनी असहकार पुकारला. शिवाय परक्या खाटेवर तिला झोप लागत नसे. इस्त्रीवाला दारातल्या टेबलावर तापलेली इस्त्री फिरवायचा आणि हातातलं काम संपलं तरी तिथेच उभा राहायचा, कारण आत त्याहून गरम होतं. एकदा त्याने रंगाचा विषय काढला, तर म्हातारीच उसळली.

“खबरदार. पोरीचं काम अर्धवट राहता कामा नये. तू शाळा अर्धवट सोडलीस, तेवढं पुरे झालं.”

मग एका दुपारी तिने त्याला हाक मारली ती त्याच्या भावाच्या नावाने. तो भाऊ लहानपणीच गेलेला. “चूल विझव रे,” ती म्हणाली. घरात चूल नव्हती. डॉक्टर येऊन गेले. वय झालंय, उष्णतेपासून जपा, म्हणाले. ते कोपऱ्यावर वळायच्या आत इस्त्रीवाल्याने इस्त्रीची वायर काढली, पोरांचा उरलेला रंगाचा डबा शोधला आणि शिडी लावली. पत्रा इतका तापला होता की ओलं पोतं टाकून त्यावर गुडघे टेकावे लागले.

अर्धं छप्पर झालं तेव्हा लेक कॉलेजातून आली. खाली उभी राहून वर बघत राहिली. मोजणी संपायला अजून बरेच दिवस होते.

“मोजलंस तेवढं बास झालं,” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, पण रागाने नाही. तो घाबरला होता.

“दुसरा ब्रश कुठंय?” तिने विचारलं.

उरलेलं छप्पर दोघांनी मिळून रंगवलं. तिला रडू येत होतं आणि ती ते लपवत नव्हती. “मीच आधी म्हणायला हवं होतं, बाबा,” एवढंच बोलली. तो ‘हो’ म्हणाला असता तरी खोटं झालं नसतं, पण त्याने फक्त रंगाचा डबा तिच्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी गाढ झोपेतून जागी झाली. चांगली शुद्धीवर होती. जरा वेळ वर बघत पडून राहिली आणि मग म्हणाली, “बाहेर ढग आलेत का रे?”

बाहेर ऊन रणरणत होतं. खरं सांगावं तर पोरीचं काम बुडवलं म्हणून ती उठून बसली असती.

“हो, आलेत,” तो म्हणाला.

“आले एकदाचे,” म्हणत म्हातारीने कूस बदलली.

पुढे ती रोज विचारायची आणि तो रोज हो म्हणायचा. लेकही ते ऐकायची आणि गप्प राहायची. उन्हाळा सरायच्या आतच म्हातारी झोपेत गेली. डॉक्टरांनी कारण म्हणून वय लिहिलं. आपलं छप्पर पांढरं झालंय, हे तिला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

पालिकेच्या कचेरीतून पोरांना बोलावणं आलं, तेव्हा इस्त्रीवालाही मागच्या खुर्चीवर जाऊन बसला. गटातल्या सगळ्यांच्या कपड्यांना त्यानेच कडक इस्त्री करून दिली होती. साहेबांची कॉलर मात्र कुणीतरी घाईत उरकली होती. लेकीने टेबलावर मोठा कागद पसरला. रंगवलेल्या घरांच्या रेषा खाली एकमेकींना धरून चालल्या होत्या. एक रेष एकटीच वर होती. ती चढत चढत गेली होती आणि मग एका जागी धाडकन खाली येऊन बाकीच्यांत मिसळली होती. ती कुणाच्या घराची, हे त्याला विचारावं लागलं नाही.

साहेबांनी नेमकं तिथेच पेन टेकवलं. “इथे काय झालं? त्या दिवशी ढग आले होते का?”

‘हो, आलेत’ हे सवयीने इस्त्रीवाल्याच्या ओठांपर्यंत आलं. त्याने लेकीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

“नाही साहेब,” ती म्हणाली. “ऊनच होतं. आम्ही छप्पर रंगवलं.”

“मोजणी चालू असताना? मध्येच?”

“घरात आजी होती.”

साहेबांनी कागद जवळ ओढला आणि ती वरची रेष पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले.