पंचवीस मीटरचा व्हरांडा

शाळेच्या वर्कशॉपबाहेरचा व्हरांडा बरोबर पंचवीस मीटर लांब होता आणि सगळ्या घोळाचं मूळ तो व्हरांडाच होता. स्पर्धेचा रोबोट पळवून बघायला शाळेच्या टीमला दुसरी जागा नव्हती. त्यामुळे दर वर्षी नवा रोबोट तयार झाला की त्याला या टोकाला ठेवायचं, त्या टोकाला कोणीतरी स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं आणि ज्या गिअरवर तो लवकर पोचेल तो गिअर पक्का करायचा. ही रीत कोणी पाडली ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच ती मोडायचं कोणाच्या मनातही येत नव्हतं.

यंदा खोक्यात गिअरच्या दोन जोड्या होत्या. एक लावली की रोबोट सेकंदाला जवळजवळ साडेपाच मीटर पळायचा, दुसरी लावली की साडेतीन. वेगवान जोडीची वकील होती सुसाट. टीममध्ये तिला हेच नाव पडलं होतं, कारण ती जिनासुद्धा एकाआड एक पायऱ्या गाळून उतरायची. सावकाश जोडीच्या बाजूने होता काटा. प्रत्येक स्क्रू वजनकाट्यावर ठेवल्याशिवाय हा मुलगा तो बसवू द्यायचा नाही, आणि बोलायचाही तोलूनमापूनच.

व्हरांड्यात वेगवान जोडी दीड सेकंदाने जिंकली. काट्याने सावकाश जोडी खोक्यात परत ठेवली.

विज्ञानाच्या बाई टीमच्या प्रमुख होत्या. त्या म्हणाल्या, "ठरलं तर मग. वेगवान जोडी, आणि रिमोट सुसाटच्या हातात. एवढ्या वेगात तो दुसऱ्या कोणाला आवरायचा नाही. सावकाश जोडी असती, तर रिमोटसाठी सुसाट आणि काटा, दोघांची चाचणी घेतली असती. शनिवारी गिअरबॉक्स बंद करू. मग स्पर्धा होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

सुसाटला आभाळ ठेंगणं झालं. शाळेचं हे तिचं शेवटचं वर्ष. आधीची तीन वर्षं तिने वायरी गुंडाळल्या, चाकं पुसली, दुसऱ्यांनी रोबोट चालवताना टाळ्या वाजवल्या. आता रिमोट तिचा होता, आणि तो मिळवण्यासाठी तिला एक स्क्रूही फिरवावा लागला नव्हता.

तिची आई लिफ्ट दुरुस्त करायची. त्या संध्याकाळी ती कामावरून आली तीच करवादत.

"बारा मजली इमारत. हौसेने नवी मोटर बसवून घेतली, दुप्पट वेगाची. आणि आता तिसऱ्या मजल्यावरच्या काकू रोज माझं डोकं खातात. म्हणे, वेग वाढलाच नाही!"

"मग, वाढला नाही का?" सुसाटने जेवता जेवता विचारलं.

"वाढला की! पण या बाई जातात तिसऱ्यावरून चौथ्यावर, मैत्रिणीकडे गप्पा मारायला. एका मजल्यात लिफ्ट वेग पकडते न पकडते, तोच थांबायची तयारी करावी लागते. तो दुप्पट वेग काढायचा कुठे? माझ्या डोक्यावर?"

सुसाटचा घास हातातच राहिला.

"आणि आई, वेगात असली की थांबायलाही जास्त जागा लागते ना?"

"लागणारच. लोकांना वाटतं, आपल्याला लिफ्ट जोरात जायला हवी. खरं तर त्यांना दार लवकर उघडायला हवं असतं. वाढू का अजून?"

सुसाटला आता भूक नव्हती. स्पर्धेचं मैदान तिला पाठ होतं. मांडणीतून चेंडू उचलायचे, पाच मीटर जायचं, टोपलीसमोर थांबायचं, चेंडू टाकायचे, परत पाच मीटर. अडीच मिनिटं हेच. पंचवीस मीटर सरळ धावायचं कधीच, कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती शाळा भरायच्या तासभर आधी वर्कशॉपमध्ये पोचली. फरशीवर खडूने पाच मीटरच्या दोन रेघा मारल्या आणि एका रेघेवरून निघून दुसरीवर पूर्ण थांबेपर्यंतचा वेळ मोजला. वेगवान जोडीला दोन पूर्णांक आठ सेकंद लागले. मग तिने गिअर बदलले. सावकाश जोडी दोन पूर्णांक चारमध्ये थांबून मोकळी. तिने पुन्हा गिअर बदलले, पुन्हा मोजलं. शेवटच्या खेपेला तर वेगवान जोडीसाठी तिने स्टॉपवॉच मुद्दाम किंचित उशिरा चालू केलं. तरी सावकाश जोडीच पुढे! आता स्टॉपवॉचच्या तरी किती हातापाया पडायचं?

ती स्टुलावर बसली. हे मोजलेलं कोणीच पाहिलं नव्हतं. तिने बुटाने एक रेघ पुसायला घेतली, निम्मी पुसलीसुद्धा. रिमोट हातात घेऊन उभी असलेली ती स्वतः तिला स्पष्ट दिसत होती. पण त्या चित्रात रोबोट मात्र दर खेपेला टोपलीच्या पुढे घसरत जात होता, आणि ते काही केल्या पुसता येईना. तिला स्वतःचा भयंकर राग आला. मग तिने खडू घेतला आणि पुसलेली रेघ पुन्हा ठसठशीत काढली.

टीम आली तेव्हा ती सरळ म्हणाली, "बाई, मी चुकले. खरं तर आपण सगळेच दर वर्षी चुकतोय. हे बघा."

तिने दोन्ही जोड्या पळवून दाखवल्या. बाईंनी स्वतः स्टॉपवॉच धरलं आणि आकडे फळ्यावर लिहिले.

काट्याने फळ्यावरच्या आकड्यांची वजाबाकी केली. "मी व्हरांड्यावरच विश्वास ठेवला," तो म्हणाला. "माझ्याकडे तुला खोडून काढायला काहीच नव्हतं. नुसतं वाटत होतं."

"मग आता मोठ्याने वाटू दे," सुसाट म्हणाली.

शनिवारी रिमोटसाठी दोघांची चाचणी झाली. प्रत्येकी दहा फेऱ्या. काट्याची एक फेरी चुकली, सुसाटच्या तीन. रोबोट नीट थांबायच्या आधीच तिचा अंगठा परतीच्या वाटेला लागलेला असायचा. वाद घालायला जागाच नव्हती. ती बेसिनपाशी गेली, नळ सोडून मनसोक्त रडली, तोंड धुतलं आणि परत येऊन सावकाश जोडी आपल्या हाताने पक्की केली. गिअरबॉक्सच्या झाकणाचे चारही स्क्रू तिनेच आवळले. काटा स्क्रूड्रायव्हर घ्यायला पुढे आला, तर तिने त्याला हात लावू दिला नाही.

स्पर्धेच्या दिवशी हॉल खच्चून भरला होता. समोरच्या टीमचा रोबोट बंदुकीतून सुटल्यासारखा सुटायचा, लोक ओरडायचे, आणि तो टोपलीवर आदळून मागे सरकायचा, पुन्हा पुढे यायचा. यांचा रोबोट निघायचा, थांबायचा, चेंडू टाकायचा, वळायचा. काटा रिमोट चालवत होता आणि सुसाट त्याच्या मागे उभी राहून "डावीकडे जरा... बास!" सांगत होती. तिचं सगळं लक्ष चाकांकडे होतं. शनिवारपासून मनाला लागलेली टोचणी कधी गेली, ते तिला कळलंही नाही.

आई कामावरून परस्पर आली होती, खांद्यावर हत्यारांची पिशवी तशीच. गर्दीतून वाट काढत ती कठड्यापाशी पोचली.

"अगं, तू नाही चालवत?" तिने चपापून विचारलं. लेकीने घरी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

"तो चालवतोय," सुसाट म्हणाली. "गिअर माझा आहे."

आईने पिशवी खाली ठेवली. समोरचा रोबोट पुन्हा सुटला, पुन्हा आदळला, लोक पुन्हा ओरडले. तिने तिकडे पाहिलंही नाही. ती यांचा रोबोट बघत होती. एक फेरी, दुसरी, तिसरी. दर खेपेला तो टोपलीसमोर येऊन त्याच जागी उभा राहत होता, ना बोटभर पुढे, ना बोटभर मागे.

"छान थांबतो गं," आई म्हणाली.

आई आजवर कुठल्याही लिफ्टबद्दल एवढं चांगलं बोलल्याचं सुसाटला आठवत नव्हतं.