चिनी राजदूताची चकली

दुबईजवळच्या अल मजाजमधल्या आमच्या इमारतीत दर शनिवारी मी मुलांना मराठी शिकवते. मुलं मला लतिकाआजी म्हणतात. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देतात आणि मी पुन्हा मराठीत विचारते. घाई कुणालाच नसते.

यंदा मी त्यांच्यासाठी नाटुकलं लिहिलं. दीडशे वर्षांपूर्वी चीनचा एक राजदूत बोटीने लंडनला येतो. आगगाडी, मेजवान्या, काटेचमचे, सगळं नवलाने बघतो आणि न चुकता रोजनिशीत लिहितो. त्या काळच्या चिनी राजदूतांना तसा हुकूमच होता, की परदेशात जे पाहाल ते लिहून मायदेशी पाठवा.

"आजी, लाइक अ व्लॉग?" सिद्धांतने विचारलं.

"तसंच. फक्त स्वतःचे फोटो कमी."

सिद्धांत दहा वर्षांचा, वर्गात सगळ्यात नवा. त्याला राजदूतच व्हायचं होतं. अंतराने नाक मुरडलं. "ही कान्ट स्पीक वन लाइन! मला सगळे डायलॉग येतात."

मी निकाल दिला, "राजदूत सिद्धांतच. पण स्टेजवर याच्या तोंडून एकही इंग्रजी शब्द आला, तर दुबई मरीनातल्या पुढच्या प्रयोगात अंतरा राजदूत."

मग तीन आठवडे सिद्धांत लिफ्टमध्येही संवाद पुटपुटत होता. वॉचमन मोहिद्दीनभाईंनाही निम्मं नाटक पाठ झालं.

प्रयोगाला हॉल भरला. मेजवानीचा प्रवेश आला. कागदाची उंच टोपी घातलेला देवदत्त, म्हणजे इंग्रज यजमान, चकल्यांचं ताट घेऊन आला. "घ्या, ही आमच्या इंग्लंडची खासियत!"

सिद्धांतने चकली खाऊन म्हणायचं होतं, "वा! ही चव मी रोजनिशीत लिहीन."

त्याने हात पुढे केला. पण पहिल्याच रांगेत त्याची आई, रंजिता, बसली होती. तिची शिकवण पक्की: दुसऱ्यांकडे पहिल्यांदा नको म्हणायचं, आग्रह झाला की मगच घ्यायचं. तालमीत ताट रिकामं असायचं. आज खऱ्या चकल्या होत्या, वर समोर आई. हात मागे गेला.

"नको, नको. आत्ताच जेवून आलो."

देवदत्त दुबईत जन्मलेला. त्याच्या लेखी नको म्हणजे नको. "बरं," म्हणाला आणि ताटासकट पडद्यामागे गेला.

आता चव कशाची सांगणार? सिद्धांतचे ओठ "सॉ..." म्हणायला उघडले आणि घट्ट मिटले. पुढचं सुचवायला मी श्वास घेतला, पण थांबले. त्याला वेळ द्यायला हवा होता.

त्याने झग्याच्या रुंद बाहीतून रोजनिशी काढली आणि मोठ्याने बोलत लिहू लागला.

"आजची नोंद. इथले लोक एकदाच विचारतात. आग्रह करत नाहीत. पुढच्या राजदूताने लगेच हो म्हणावे. मी उपाशी आहे."

यातलं एक अक्षरही माझं नव्हतं. हॉल हसून लोटपोट झाला. तोंडावर ओढणी धरून सगळ्यात जास्त हसत होती रंजिता. पडद्यामागून अंतराचा आवाज आला, "यल्ला, चल, जा ना परत!" आणि देवदत्त ढकलल्यासारखा स्टेजवर आला.

"राजदूतसाहेब, शेवटचं विचारतो. घेता का?"

"हो!" सिद्धांतने दोन घेतल्या. एक तोंडात, एक बाहीत.

पुढच्या शनिवारी अंतरा माझ्याशेजारी येऊन बसली.

"आजी, राजदूत तोच राहू दे. पण यजमान मी होणार. देवदत्तला आग्रह करताच येत नाही."