दर तासाला नऊ अंश

काच वितळवणं सोपं असतं हो, निववणं कठीण. घाई केली की तडकलीच. चाळीस वर्षं भट्टी सांभाळतेय, मला कोण शिकवणार? असा माझा तोरा होता.

वेधशाळेच्या दुर्बिणीच्या आरशासाठी हातभर रुंदीची काचेची तबकडी ओतली होती. आधीची तडकली होती. हीही गेली तर कारखान्याला कुलूप. माझी वही सगळी फॅरनहाइटमधली आणि नव्या भट्टीला हवे सेल्सिअस. वहीत लिहिलेलं, दर तासाला नऊ अंश उतरवा. सूत्र तोंडपाठ! बत्तीस वजा, पाचानं गुणा, नवानं भागा. उत्तर आलं उणे तेरा. म्हटलं, बरोबरच की, उतरवायचंच तर आहे! तासाला तेरा लावले आणि ऐटीत चहा घेत बसले.

दोन तासांनी सूनबाई आली. नवी भट्टी तिच्याच हट्टानं आलेली, म्हणून आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं. आकडा बघून तिचा चेहरा उतरला.

“आई, बत्तीस कशाला वजा केले?”

“सूत्र आहे ते! मी काय शाळेत गेले नाही?”

“भट्टी किती तापलीय ते काढताना बत्तीस वजा करायचे. इथं किती उतरायचं ते मोजतोय. जिना ओट्यावरून सुरू झाला म्हणून पायरीची उंची बदलते का? फॅरनहाइटच्या नऊ छोट्या पायऱ्या म्हणजे सेल्सिअसच्या पाच मोठ्या. तासाला पाचच.”

“आणि वेधशाळेवाले आकडे केल्विनमध्ये मागतात, त्याचं काय? त्यात दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे ना?”

“छे हो! पायरी सेल्सिअसएवढीच. तिथंही पाचच.”

मी बोटांवर हिशेब केला. दोन तासांत दहाच्या जागी सव्वीस अंश उतरले होते.

“गेली का गं?”

“अजून फार खाली नाही गेली. परत चढवू, आतबाहेर सारखी तापेपर्यंत मुरू देऊ, मग पाच-पाचनं उतरवू.”

मी वही मिटून बाजूला ठेवली. “चढव,” म्हटलं.

पुढचे पाच दिवस माझा जीव टांगणीला. दोघी शेजारी बसून आकडा बघायचो, आणि बघून कंटाळलो की भांडायचो.

सहाव्या दिवशी भट्टी गार झाली. सूनबाई सवयीनं मागं सरकली, कारण ते दार माझ्याशिवाय कुणी कधी उघडलंच नव्हतं.

“मागं काय सरकतेस? उघड की!”

तिनं उघडलं. तबकडी अख्खी होती. तिनं टिचकी मारली तशी खणकन वाजली, आणि मला रडूच फुटलं.

“अहो आई, नीट झालं की सगळं!”

“म्हणूनच रडतेय, गाढवे. पुढची तबकडी तू ओतायचीस. मी शेजारी बसून चुका काढीन.”