फ्लॅश कोणी धरायचा?

पंचफुलाबाईंनी लेकीची एकही स्पर्धा चुकवली नव्हती, आणि लेकीचा खेळ एकदाही पाहिला नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या. अकोला म्हणू नका, वाशीम म्हणू नका, बुलडाणा म्हणू नका, जिथं दीपमालाचा मल्लखांब तिथं ही बाई डबा आणि पाण्याची बाटली घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. पण पोरगी खांबाला नमस्कार करायला वाकली रे वाकली, की बाई खुर्ची फिरवायच्या आणि खांबाकडे पाठ करून बसायच्या. मग शेजारच्या बाईला कोपर मारून विचारायच्या, "उतरली का वं?"

"नाही, वरच हाय."

"मंग उतरली की सांगजो."

असं तीन वर्षं चाललं होतं. बाई भित्री होती म्हणाल तर अजिबात नाही. अंगणवाडी सेविका, बावीस वर्षांची नोकरी. चाळीस पोरं एका डोळ्यानं गप्प बसवायची. एकदा दारू पिऊन अंगणवाडीत शिरलेल्या माणसाला तिनं वजनकाट्यावर उभं करून त्याचं वजन रजिस्टरात लिहिलं होतं, बिचारा शरमेनं निघून गेला. पण स्वतःची पोरगी त्या तेल लावलेल्या लाकडावर चढली की हिला बघवायचं नाही. त्याला काय इलाज?

इलाज करायची वेळ आली ती फेब्रुवारीत. अमरावतीच्या एका क्रीडा वसतिगृहात दीपमालाची निवड झाली. चौदा वर्षांची पोरगी, अख्ख्या जिल्ह्यातून एकटी. राहणं, खाणं, शाळा, चांगले प्रशिक्षक, सगळं तिथंच. फक्त फॉर्मवर पालकाची सही हवी होती, आणि फॉर्म सोमवारपर्यंत पोचायला हवा होता. वडील धर्मपाल पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर. त्यांनी फॉर्म पाहिला, "तुही माय म्हणेन तसं," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. घरात सही कोणाची चालते हे त्यांना लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

पंचफुलाबाई म्हणाल्या, "इथं पडली त मी हाय. तिथं पडली त कोण हाय?"

"आई, थे पडत नाही," थोरला मुलगा सुगत म्हणाला.

"तुले काय माईत?"

"मी पाह्यतो ना! तू पाह्यत नाही."

त्यावर आईनं फॉर्म उचलून तुरीच्या डाळीच्या डब्याखाली ठेवून दिला. दीपमाला रडली नाही, भांडली नाही, गप्प झाली. दिवसभर घर डोक्यावर घेणारी पोरगी एकाएकी गप्प झाली की घर खायला उठतं. सुगतला तिसऱ्याच दिवशी ते सहन होईना.

सुगत तिचा थोरला भाऊ, सव्वीस वर्षांचा, लग्नाचे फोटो काढायचा. त्यानं डोकं चालवलं. आईला खांबाकडे बघवत नाही, पण फोटो ती आवडीनं बघते, कोणाचाही अल्बम असो. मग फोटोतूनच का दाखवू नये? अडचण एवढीच की त्याच्याकडचे सगळे फोटो प्रेक्षकांच्या खुर्च्यांमधून झूम करून काढलेले. त्यात पोरगी खांबाला चिकटलेली पाल दिसायची. आईनं असे फोटो पाहून "बरं हाय" म्हणायचं आणि कांदा चिरायला बसायचं. त्याला फोटो हवा होता अगदी जवळून, खांबाच्या बुडाशी पडून, दीपमाला हवेत असतानाचा. आईला वाटलं पाहिजे की आपण तिथंच उभे आहोत.

शुक्रवारी तो एसटीनं अमरावतीला गेला. राजकमल चौकाच्या आतल्या गल्लीत ललितचं कॅमेऱ्याचं दुकान होतं, नवं-जुनं दोन्ही. ललित माल विकण्याआधी गिऱ्हाइकाला अर्धा तास शिकवायचा, म्हणून त्याच्याकडे गर्दी कमी आणि चहा जास्त.

"फिशआय पाह्यजे," सुगत म्हणाला, म्हणजे जिच्यात जवळूनही समोरचं सगळं मावतं ती फुगीर काचेची लेन्स. "स्वस्तातली. अन् कॅमेऱ्यापासून दूर ठेवता येईल असा फ्लॅश."

ललितनं तीन गोष्टी काउंटरवर मांडल्या. पहिली, लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची काच. सुगतनं तिच्यातून रस्त्यावरची रिक्षा पाहिली. मधली रिक्षा ठीक होती, कडेची रिक्षा ताकात बुडल्यासारखी.

"हे घेऊ नको," ललितच म्हणाला. "स्वस्त हाय, पण घरी गेल्यावर मले शिव्या देशीन."

दुसरी नामांकित कंपनीची होती. तिची किंमत ऐकून सुगतनं ती दोन्ही हातांनी, पाहुण्यांच्या घरचं तान्हं बाळ परत करतात तशी परत केली. तिसरी जुनी, हातानं फोकस करायची, एका साध्या कंपनीची. बाहेरून ओरखडे होते, काच मात्र स्वच्छ होती.

"ऑटोफोकस नाही? पोरगी उडी मारते, भाऊ. फोकस करेपर्यंत खाली येईन."

"अरे, फिशआयले फोकस कायले पाह्यजे?" ललित खूश झाला, त्याला हाच प्रश्न हवा होता. "अपर्चर आठवर ठेव, फोकस तीन फुटांवर लाव, अन् हलू नये म्हणून वरून चिकटपट्टी मार. हातभर अंतरापासून त आभाळापर्यंत सगळं साफ. फक्त खांब मधोमध ठेवजो. मधली रेघ सरळ राह्यते, कडेची वाकते. खांब वाकडा दिसला त तुमचे सर तुले बदडतील."

सर म्हणजे दीपमालाला शिकवणारे जानराव सर. त्यांच्या व्यायामशाळेत खांबाला चपलेचा वारा लागलेला चालायचा नाही, वाकडा फोटो तर दूरच. सुगतनं हे पक्कं लक्षात ठेवलं.

फ्लॅशच्या बाबतीत मात्र त्याला मोह पडला होता एका फारच स्वस्त मालाचा. दुसऱ्या कोणाचा फ्लॅश चमकला की तो पाहून आपोआप चमकणारा. ललितनं तो हातातून काढूनच घेतला. "तू लग्नवाला माणूस, अन् असा फ्लॅश घेतं? मांडवात मामाचा कॅमेरा, काकाचा मोबाइल, जो चमकन त्याच्यासोबत हा चमकन. तुह्या फोटोच्या वेळेले बॅटरी खल्लास. रेडिओ ट्रिगरवाला घे. फक्त तुह्या कॅमेऱ्याचं ऐकन. अन् पॉवर कमी ठेवजो, मंग तो चमकून झटकन मिटते, त उडी हवेत थांबल्यासारखी येते."

शेवटी ओरखड्यांची लेन्स आणि ट्रिगरचा फ्लॅश, दोन्ही मिळून एका लग्नाच्या ऑर्डरीत बसलं. फ्लॅशसाठी स्टँड घ्यायला पैसे उरले नाहीत. घरचा जुना आहे की, सुगत म्हणाला.

शनिवारी सकाळी व्यायामशाळेच्या मागच्या मैदानात त्यानं पहिला फोटो काढला. अनवाणी, गादीच्या कडेला उताणा पडून, लेन्स वर. दीपमाला खांबाच्या बोंडावर, म्हणजे अगदी टोकाच्या गोळ्यावर, एका पायावर उभी राहिली. फ्लॅश चमकला. फोटो असा आला की जानराव सरांनी दोनदा चष्मा पुसला. "खांब सरळ हाय," ते म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. सुगतनं दुपारीच मोठी प्रिंट काढून आणली, आणि आईनं हात पुसल्यावर तिच्यासमोर धरली.

आईनं प्रिंट पाहिली आणि "मायबाई!" म्हणून ओट्याला धरून खालीच बसली.

"काय झालं?"

"केवढी उंच हाय रे थे! पाण्याच्या टाकीवर चढवली का माह्या लेकराले?"

आता सुगतनं प्रिंट आईच्या नजरेनं पाहिली आणि त्याचं धाबं दणाणलं. फिशआय ती! जवळचं मोठं करते, लांबचं आणखी लांब नेते. आठ फुटांचा खांब आभाळात घुसला होता, आणि टोकावर मुठीएवढी दीपमाला. लग्नात त्यानं कधी अशी लेन्स वापरलीच नव्हती. आईची भीती घालवायला गेलेला हा शहाणा भीतीची मोठी प्रिंट काढून घेऊन आला होता, तीही चकचकीत कागदावर.

"आई, लेन्समुळं तसं दिसते. खरं म्हणजे इतकंसंच हाय."

"मंग खोटं दाखवाले एवढे पैसे घातले?"

दीपमाला दारात उभी होती. तिनं प्रिंट पाहिली, भावाकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "दादा, लय चांगला आला," म्हणाली, आणि आत जाऊन पडली. सुगतला आपल्या दोन्ही कानांखाली वाजवून घ्यावंसं वाटलं.

रविवारी सकाळी तरीही तो कॅमेरा घेऊन मैदानात गेला. आईसाठी नाही, आईचं आता संपलं होतं. दीपमाला वसतिगृहात जाणार नसेल तर निदान तिच्या उडीचा एक फोटो तिच्यापाशी राहावा, एवढंच त्याच्या मनात होतं. आईही आली होती, अर्थात डबा घेऊन, आणि नेहमीसारखी कडुलिंबाकडे तोंड करून बसली होती.

त्या दिवशी वारा सुटलेला. घरचा जुना स्टँड एकदा पडला, दोनदा पडला, तिसऱ्यांदा पडताना सुगतनं फ्लॅश वरच्यावर झेलला. मग त्यानं सरांकडून एक काठी मागून तिच्या टोकाला फ्लॅश बांधला. आता काठी धरायची कोणी? चार मुली गाद्या पकडून होत्या. सर खांबाशी, पोरगी चुकली तर झेलायला. सुगत स्वतः जमिनीवर. रिकाम्या हाताचं माणूस मैदानात एकच होतं.

"आई, हे धर जरा. दीपाच्या तोंडाकडं रोखून धरजो."

कामाला नाही म्हणणं पंचफुलाबाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पदर खोचला, काठी घेतली, दीपमाला वर चढेपर्यंत ठीक धरली आणि मग डोळे गच्च मिटून घेतले. पोरगी उडी मारून खाली आली. सुगतनं स्क्रीन पाहिला. दीपमाला काळी, मागचं कडुलिंबाचं झाड लख्ख.

"आई, लाइट झाडावर पडून राहिला!"

"आता नीट धरतो."

दुसरी उडी. या वेळी उजेड सरांच्या टकलावर.

"आई वं!" दीपमालाच कडाडली. तळहात लाल झाले होते, कपाळावर घाम. "मले तुह्यामुळं पुन्हा चढा लागते!"

हे मात्र बाईंना लागलं. बावीस वर्षांत आपल्या कामामुळं कोणाला दोनदा खेप पडली असं झालं नव्हतं. एका पोराचं वजन शंभर ग्रॅमनं चुकीचं लिहिलं म्हणून भर उन्हात त्याच्या घरी जाऊन आलेली बाई ही! त्यांनी काठी घट्ट धरली, पाय रोवले. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. सुगत जमिनीवरून लेन्समधून बघत होता, आणि त्या लेन्सला सगळंच दिसत असल्यामुळं त्याला एकाच वेळी मधोमध बहीण दिसत होती आणि कडेला आई. आईचे डोळे उघडे होते.

बोलावं तर आई डोळे मिटून घेईल, म्हणून त्यानं नुसतं बोट बटणावर ठेवलं.

दीपमाला चढली. पायानं खांबाला विळखा, हात सोडले, कंबरेतून मागे वळली, पुन्हा वर. आईचा हात तिच्याबरोबर वर गेला. पोरगी बोंडावर उभी राहिली, दोन्ही हात पसरले, क्षणभर थांबली. काठीचं टोक लेकीच्या तोंडावरून इंचभरही हललं नाही. मग दीपमालानं उडी घेतली, मागे, गोल, आणि सुगतनं बटण दाबलं.

ती गादीवर दोन्ही पायांवर उतरली, धप्प. सरांनी तिला हातही लावला नाही. तशी गरजच पडली नाही.

"आला का?" मुलींनी विचारलं.

आला होता. असा फोटो सुगतनं आजवर काढला नव्हता. तो दाखवायला उठला, पण आईकडे पाहून जागीच थांबला. आईनं काठी जमिनीवर ठेवली, खांबाशी गेली आणि हात उंच करून पाहिला. टाचा उचलल्या, तरी बोंड हाताच्या वरच होतं, पण फार वर नव्हतं. मग तिनं दीपमालाचे लाल झालेले तळहात आपल्या हातात घेतले आणि भर मैदानात, मुलींसमोर, सरांसमोर, हुंदके देऊन रडायला लागली.

दीपमाला घाबरली. "आई, मले लागलं नाही वं!"

"थे दिसलं मले," आई म्हणाली. "पाह्यलं ना मी. तीन वर्षं झाली, तू इतकं चांगलं करून राहिली अन् मी भिंती पाह्यत बसली. कोणी मले बोललं काहून नाही?"

सगळेच बोलले होते, वारंवार बोलले होते, पण त्या वेळी तसं सांगण्याइतका मूर्ख तिथं कोणी नव्हता. सुगतनं कॅमेरा पुढं केला, "आई, फोटो तरी पाह्य." तिनं तो हातानं बाजूला सारला.

"नंतर पाह्यीन. त्यात उंची खोटी येते." तिनं पदरानं डोळे पुसले आणि चपला लांब काढून ठेवून गादीच्या अगदी कडेला, खांबाच्या समोर, मांडी घालून बसली. "दीपा, पाणी पे. दम खाय. मंग चढ."

"आता काहून? फोटो त झाला."

"अमरावतीले गेल्यावर मले रोज कोण दाखवन? जे जे येते थे सगळं दाखव," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पयल्यापासून."