बोटावरचे कुंकू

घरात कोणतीही वस्तू घ्यायची झाली की आधी विलासरावांना विचारायचे, हा त्यांच्या कुटुंबातला जुना रिवाज होता. प्रेशर कुकर असो, स्कूटर असो की पाण्याचा पंप, दुकानात जाण्याआधी लोक त्यांच्याकडे येत. तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्राची पदविका घेऊन त्यांनी सगळी नोकरी सरकारी शस्त्रकारखान्याच्या निरीक्षण विभागात काढली होती. तयार झालेला माल हाती घ्यायचा, मोजायचा, घासून पाहायचा आणि पास किंवा नापास ठरवायचा, हे त्यांचे काम. निवृत्त झाल्यावर खुर्ची सुटली, सवय सुटली नाही.

त्यामुळे मेलबर्नजवळच्या वेरिबीत, लेकीच्या घराच्या गराजमध्ये, जावयाने, निनादने, दार लोटून घेतले आणि दबक्या आवाजात म्हटले, "बाबा, एक वस्तू निवडायचीय, पण रुचाला सांगायचं नाही," तेव्हा विलासरावांना वाटले, टीव्ही असेल.

"पिस्तूल," निनाद म्हणाला.

विलासराव कपड्यांच्या मशीनवर टेकले. मुलीकडे ते उन्हाळ्यापुरते आले होते. मग विमाने बंद झाली, सीमा बंद झाल्या, आणि आता मेलबर्नचा हिवाळाही सरत आला तरी परतीची चिन्हे नव्हती. शहरात दुसरा लॉकडाऊन चालू होता. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचे नाही, तोंडावर मास्क, रात्री संचारबंदी. पत्नी नीलिमा गेल्यापासून त्यांना तसेही कुठे पोहोचायची घाई उरली नव्हती. फक्त थकवा होता, तो झोपूनही जात नव्हता.

निनादने सगळे सांगितले. तो ज्या हॉटेलात बँक्वेट मॅनेजर होता ते मार्चपासून बंद होते. दोन लॉकडाऊनच्या मधल्या मोकळ्या दिवसांत त्याने सुरक्षारक्षकाचा कोर्स केला, गोळीबाराची परीक्षा दिली, लायसन्स मिळवले. आता एक कंपनी त्याला घ्यायला तयार होती. काम होते एटीएममध्ये नोटा पोहोचवण्याचे. चिलखती गाडीतून नव्हे. साध्या मोटारीतून, साध्या कपड्यांत, कोणाला पत्ता लागू नये अशा बेताने. हत्यारही कपड्यांच्या आतच ठेवायचे. ते कंपनीचे, शिफ्टला घ्यायचे आणि शिफ्ट संपली की परत त्यांच्या तिजोरीत. तीन प्रकार होते. त्यांतला कोणता, हे सोमवारपर्यंत कळवायचे होते.

"रुचाला काय सांगितलंयस?"

"वेअरहाऊसमध्ये डिस्पॅच सुपरवायझर." निनादने नजर चुकवली. "ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर कोविडचे नमुने तपासते, बाबा. घरी आली की बोलायलाही त्राण नसतो तिच्यात. त्यात हे कुठे घालू?"

लेकीपासून काही लपवणे विलासरावांना पटले नाही. पण प्रश्न त्यांच्या विषयातला होता, आणि कित्येक महिन्यांनी कोणी त्यांना त्यांच्या विषयातले काही विचारले होते. ते म्हणाले, "तिन्हींची माहिती दे."

पुढचे दोन दिवस त्यांनी चष्मा पुसत संगणकासमोर काढले. पहिले पिस्तूल अगदी चिमुकले, तळहातात मावणारे. निनादचा ओढा त्याकडेच होता, कारण ते शर्टाखाली सहज लपत होते.

"लहान ते सोपं, हा सगळ्यांचा गैरसमज," विलासराव म्हणाले. "मूठ तोकडी, दोनच बोटं बसणार. वजन कमी म्हणून धक्का जास्त. पहिली गोळी गेली की दुसरी कुठे जाईल, देव जाणे."

"मग दुसरं? मधल्या साइजचं?"

"ते उत्तम आहे. पण त्याला घट्ट मनगट लागतं. हात ढिला पडला तर गोळी आत अडकू शकते, आणि घाबरलेला हात ढिला पडतो."

"म्हणजे रिव्हॉल्व्हर. म्हाताऱ्या पोलिसांसारखं."

"म्हातारं म्हणून हसू नकोस. त्याच्यात बिघडायला फार काही नाही. चाप जड असतो, चुकून ओढला जाण्याची शक्यता त्यामानाने कमी. मधलं चाक जाड, तेवढं जॅकेटखाली दिसणार नाही हे बघायचं." थोडे थांबून ते म्हणाले, "विश्वासू हत्यार कशाला म्हणायचं, माहितेय? हवं तेव्हा उडतं, हा अर्धा भाग झाला. नको तेव्हा उडत नाही, हा उरलेला अर्धा. गिऱ्हाईक पहिल्या अर्ध्याचीच चौकशी करतं."

कागदावरची निवड झाली. निनाद लगेच फोन लावायला निघाला, तर विलासरावांनी त्याला थांबवले.

"चाचणी?"

"बाबा, बंदूक घरी आणता येत नाही. जेलमध्ये टाकतील."

"बंदुकीची नाही. तुझी."

गराजमध्ये चिरलेला लाकडी पाट पडला होता. विलासरावांनी त्याचा एक तुकडा कापला, कानशीने घासला आणि पोटात भोक पाडून जुने नटबोल्ट ठासून बसवले. पिस्तुलाचा आकार त्यांनी मुद्दामच दिला नाही. इथला कायदा नकली हत्यारालाही हत्यारच समजतो, हे त्यांनी वाचून ठेवले होते. साबणाच्या मोठ्या वडीसारखा ठोकळा झाला, रिव्हॉल्व्हरच्या जाडीचा आणि वजनाचा. एका कुशीला लांबट खाच कोरली.

"तर्जनी या खाचेत सरळ ठेवायची. पुढच्या कडेला, जिथे चाप असता, तिथे बोट न्यायचं नाही. नेलं तर मला कळेल."

"कसं कळेल?"

विलासराव देवघरात गेले आणि कुंकवाची डबी घेऊन आले. कारखान्यात दोन भाग एकमेकांना कुठे टेकतात हे पाहायला एका भागाला निळा रंग माखत. दुसऱ्यावर जिथे डाग उमटेल तिथे स्पर्श झाला. इथे तो रंग कुठला मिळायला? त्यांनी चिमूटभर कुंकू खोबरेल तेलात कालवले आणि ठोकळ्याच्या पुढच्या कडेला पातळ थर दिला. जुन्या जीन्सच्या खिशाची पिशवी शिवून ठोकळा निनादच्या पट्ट्याला, जॅकेटच्या आत अडकवला.

"आता हे घालून वावर. सुपरमार्केटला जा, मयूराला सायकलवर फिरवून आण. संध्याकाळी हात दाखवायचा."

निनाद हसला. "शाळेत नखं दाखवायचो तसं."

पहिल्या संध्याकाळी बोट स्वच्छ होते, पण हात एकसारखा जॅकेटकडे जात होता.

"खिशात गरम बटाटा ठेवल्यासारखा चाचपू नकोस," विलासराव म्हणाले. "लपवलेली वस्तू कपडे नाही दाखवत, हात दाखवतो."

दुसऱ्या दिवशी चाचपणे कमी झाले. नऊ वर्षांच्या नातीने, मयूराने, जेवताना विचारले, "आजोबा, व्हाय इज डॅड वॉकिंग लाइक अ पेंग्विन?" त्यावर रुचा वाढता वाढता म्हणाली, "घरी बसून वजन वाढलंय त्याचं." निनादने मान खाली घालून भात कालवला. विलासरावांनी आमटीची वाटी पुढे ओढली.

तिसऱ्या संध्याकाळीही बोट स्वच्छ होते. निनादच्या चालण्यात आता सहजता आली होती, आणि विलासरावांनी मनातल्या मनात शेरा लिहून टाकला होता: रिव्हॉल्व्हर पास, माणूस पास.

चौथा दिवस म्हणजे कचऱ्याची गाडी येते त्याचा आदला दिवस. अंधार पडू लागला होता, समुद्राकडून बोचरा वारा सुटला होता. निनाद हिरवे झाकण असलेला डबा घरघर ओढत रस्त्याच्या कडेला नेत होता. विलासराव गराजच्या दारात उभे होते. गाडी लांब लावून एक आकृती फुटपाथवरून आली. डोक्यावर जॅकेटची टोपी ओढलेली, डोळ्यांखाली सगळा मास्क. चाकांच्या आवाजात पावलांचा आवाज बुडाला होता. आकृतीने मागून निनादच्या खांद्यावर हात ठेवला.

निनाद गर्रकन वळला. डबा आडवा झाला. त्याचा डावा हात आकृतीच्या छातीवर होता आणि उजवा जॅकेटच्या आत शिरून ठोकळ्यासह अर्धा बाहेर आला होता.

"अरे, मी आहे," रुचा म्हणाली. मास्कआडून ती हसली असावी. "चोर वाटले की काय? डबा उचल, आणि आंघोळ होईपर्यंत माझ्याजवळ येऊ नकोस."

ती बाजूच्या दाराने आत गेली. अंधारात तिला त्याचा उजवा हात दिसला नव्हता. विलासरावांना दिसला होता. ते पुढे झाले आणि त्यांनीच आडवा पडलेला डबा सरळ केला. निनाद रस्त्याच्या दिव्याखाली आपल्याच तर्जनीकडे पाहत उभा होता. पेर लालभडक झाले होते.

आंघोळ करून रुचा स्वयंपाकघरात आली तेव्हा निनाद सिंकवर बोट घासत होता, विलासराव शेजारी उभे होते. तेलातले कुंकू, ते नखाच्या कडेला जाऊन बसले होते. रुचाने चहाचे आधण ठेवले आणि सहज पाहिले.

"हे काय? पूजा केलीस?"

"नाही."

"मग कुंकू कुठलं?" तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "बाबा?"

विलासराव खुर्चीवर बसले. पाय दुखत होते. त्यांनी जावयाकडे पाहिले. निनादने हळूच होकारार्थी मान हलवली. मग त्याने पिशवीतून ठोकळा काढून ओट्यावर ठेवला आणि सगळे सांगितले, हॉटेलपासून खाचेपर्यंत. मध्येच चहा उतू गेला. रुचाने गॅस बंद केला आणि ओटा पुसत राहिली, पुसून झालेला ओटासुद्धा.

"म्हणजे मघाशी मी मागून आले," ती शेवटी म्हणाली, "तेव्हा तुझा हात यावर होता."

"हो."

"आणि बोट?"

निनादने बोट पुढे केले.

रुचा वडिलांकडे वळली. "मिक्सर निवडायला तुम्ही इतका वेळ घेतलात की आई तोवर पाट्यावर वाटत बसली. आणि हे तुम्ही आठवड्याभरात निवडून दिलंत."

चूक विलासरावांना उघड दिसत होती. जावयाने कोणते घ्यावे हे विचारले आणि त्यांनी नेमके त्याचेच उत्तर शोधले. घ्यावे का, हा प्रश्न कारखान्यात त्यांच्या टेबलावर कधी आला नव्हता, म्हणून तो इथेही त्यांना सुचला नाही.

"वस्तू बरोबर निवडलीय," ते म्हणाले. "तिन्हींत तीच चांगली. पण चाचणीत हात नापास झाला."

"मी रेंजवर पास झालोय, बाबा," निनाद म्हणाला. आवाजात वाद घालण्याचा जोर नव्हता. "चांगल्या मार्कांनी."

"रेंजवर मागून कोणी खांद्यावर हात ठेवत नाही. इथे रस्त्यावरचा प्रत्येक माणूस तोंड झाकून फिरतोय. एटीएमपाशी कोणी आजी मागून म्हणेल, बाळा, हे मशीन चालू आहे का? तेव्हा काय करशील?"

निनाद स्टुलावर बसला. त्याने ठोकळा दूर सरकवला.

"खरं सांगू? नोकरी मिळाल्याचा फोन आला तेव्हापासून धास्ती बसलीय. वाटलं, चांगलं हत्यार मिळालं की जाईल. बाबांनी निवडलेलं असलं की जाईल."

"मग सांगायचं ना," रुचा म्हणाली.

"तू एवढी दमतेस. मी घरी बसून पोळ्या लाटतो. कसं सांगू, की आता भीतीही वाटते?"

"दमते, हे खरं आहे." ती त्याच्यासमोर बसली. "त्यात रोज हा सुखरूप येईल ना, याने कोणाला काही केलं नसेल ना, म्हणून दाराकडे बघत बसू? तेवढी ताकद नाही माझ्यात, निनाद. पोळ्या लाट. वाकड्या करतोस, पण लाट."

निनादच्या चेहऱ्यावर हसू आले आणि तिथेच विरले. त्याने गाळलेला चहा तिच्यापुढे सरकवला.

सकाळी त्याने कंपनीला फोन करून नकार कळवला. बोलणे फार वेळ चालले नाही. त्यांच्याकडे पुढची नावे तयार असणार. फोन ठेवून तो गराजमध्ये आला तेव्हा विलासरावांनी ठोकळ्यातले नटबोल्ट काढून बरणीत भरले होते आणि लाकूड शिकंज्यात आवळले होते. हातात करवत होती.

"कापताय कशाला? दाराला अडसर म्हणून उपयोगी पडेल."

"नापास माल अखंड ठेवायचा नसतो," विलासराव म्हणाले. "पडून राहिला की कोणीतरी उचलतो आणि पास समजून वापरतो. कारखान्यात आम्ही समोर उभं राहून कापून घ्यायचो. धर ते टोक."

निनादने टोक धरले. लाकूड जुने आणि कोरडे होते. विलासरावांना मध्ये दोनदा दम घ्यायला थांबावे लागले. तिसऱ्यांदा निनादने न बोलता करवत आपल्या हाती घेतली आणि ते टोक धरून उभे राहिले. भुशात लाल कण दिसत होते. निनादच्या नखाच्या कडेचा डागही अजून गेला नव्हता.

दोन तुकडे कचऱ्यात टाकून झाल्यावर निनाद हात झटकत म्हणाला, "बाबा, हॉटेल उघडेपर्यंत घरपोच जेवणाची डिलिव्हरी करावी म्हणतो. त्याला सायकल कोणती बरी? गिअरची की साधी?"

विलासरावांच्या ओठांवर उत्तर आले होते. चाकाचा व्यास, ब्रेकचे प्रकार, सगळे. त्यांनी करवत खुंटीला अडकवली, पाठीला हात लावून सावकाश सरळ झाले आणि घराच्या दाराकडे बोट केले.

"ती उठलीय," ते म्हणाले. "आधी तिला विचारून ये."