चौकोनी खाणारा उंदीर

आईच्या लग्नातली जाळी आमच्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, उशीच्या एका जुन्या अभ्र्यात राहायची. सुती, विरळ विणीची, नवरीच्या डोक्यावर लावली की मागे जमिनीवर लोळणारी. तिच्या तीन बाजूंना नाजूक लेस होती. चौथी, लोळणारी बाजू मात्र साधी. ती का साधी, असं मी लहानपणी विचारलं होतं.

"तेव्हा तशी फॅशन होती," आई म्हणाली होती.

मला ते पटलं नव्हतं. पण लग्नाच्या फोटोत नेमक्या त्या बाजूपुढे मावशी उभी होती, त्यामुळे पुरावा नव्हता.

ताईचं लग्न ठरलं आणि जाळी खाली आली. इतक्या वर्षांत तिला सायीचा रंग चढला होता. ताई त्या रंगावर भाळली. "हा रंग विकत मिळत नाही," म्हणाली. "फक्त लांबी कोपरापर्यंत करू. एवढी लांब लावली तर मी चालणार नाही, हॉल झाडत जाईन."

"जाळीला कात्री लागणार नाही," आई म्हणाली.

"मग मी ती लावणारच नाही."

"नको लावूस. माझी जाळी उपाशी नाही बसलेली."

ताईला जाळी हवीच होती आणि आईला ती ताईच्या डोक्यावर बघायचीच होती. एवढं एकमत असूनही दोघी आठवडाभर बाबांमार्फत बोलत होत्या. "बाबा, आईला सांगा मीठ द्यायला." शेवटी बाबा वैतागून म्हणाले, "मी निरोप सांगत नाही, थेट मीठच देतो."

प्रकरण टाचणीबाईंकडे गेलं. त्या ताईचा लग्नाचा झगा शिवत होत्या. त्यांच्या ओठांत सतत टाचण्या असत, म्हणून आम्ही त्यांना हे नाव ठेवलं होतं. होकार असला की "हं" आणि नकार असला की "हंहं", एवढ्यावर त्यांचं दुकान चालायचं. त्यांनी न कापता मार्ग काढला: जाळी दुमडायची. घडीवर घडी टाचून त्यांनी ताईला आरशापुढे उभं केलं.

"पाठीवर मच्छरदाणी गुंडाळून निघाल्यासारखी दिसतेय मी," ताई म्हणाली.

आईला एकदम ठसका लागला. ती पाणी प्यायली आणि जाळी घडी करून, पिशवीत घालून घरी घेऊन आली.

पुढच्या मापाला झगा तयार होता. ताईनं त्याचं कापड जाळीच्या रंगाला इतकं तंतोतंत जुळवून घेतलं होतं, की जाळी समोर नसताना हे तिला जमलं कसं, असा प्रश्न मला पडला होता. आईनं पिशवीतून जाळी काढली.

जाळी पांढरीशुभ्र होती.

"कपडे पांढरे करायच्या पावडरीत दोन वेळा भिजवली," आई अभिमानानं म्हणाली. "पिवळी जाळी बघून तुझ्या सासरचे काय म्हणतील? म्हटलं, कापायला देत नाही, निदान चमकवून तरी द्यावी."

ताई स्टुलावर बसली. जाळीशेजारी तिचा झगा कावीळ झाल्यासारखा दिसत होता.

टाचणीबाईंनी जाळी उजेडात धरली आणि साध्या काठावरच्या एका खाचेवर बोट ठेवलं. "हं?"

"ते उंदरानं खाल्लंय," आई घाईघाईनं म्हणाली. "धुताना दिसलं. माझंच लक्ष नव्हतं कपाटाकडे."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून खाच पाहिली. "शास्त्रज्ञ," विज्ञान शिकणाऱ्या मला ते म्हणाले, "उंदीर काटकोनात खातो का गं?"

ताई छताकडे बघत होती.

मी विषय बदलला, कारण सुटकेचा उपाय मला दिसत होता. सुती कापड चहाचा रंग चांगला धरतं. जाळी चहात बुडवून झग्याच्या रंगाला आणता येईल. "पण सगळी जाळी एकदम बुडवायची नाही," मी म्हणाले. "आधी याच जाळीच्या तुकड्यावर करून बघायचं."

टाचणीबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "तुकडा कुठून आणणार? कात्री तर लावायची नाही."

मग ताईनं पर्स उघडून काडेपेटीएवढा एक सायीच्या रंगाचा तुकडा माझ्या हातात ठेवला.

"कापड जुळवायला घेतला होता," ती पुटपुटली.

"हा बघा, उंदीर सापडला," बाबा म्हणाले.

आई आता कडाडणार म्हणून मी मागे सरकले. पण ती पदराशी चाळा करत राहिली. मी तुकडा मोजून सांगितलं, की एवढ्याशावर एकच प्रयोग होईल, आणि मला निदान चार कप तरी लावून बघायचेत.

"घरी चला," आई म्हणाली.

घरी तिनं पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तळातून जाळीचा एक मोठा तुकडा काढला. त्याच्या एका काठाला लेस होती. चौथी बाजू.

"तुझ्या पाळण्याला मच्छरदाणी केली होती," ती ताईला म्हणाली. "डास चावायचे तुला, आणि घरात दुसरी जाळी नव्हती."

"मला तर तू सांगितलंस, धुताना फाटली!" बाबा म्हणाले.

"तू स्वतः कापलीस?" ताई ओरडली. "आणि मला कात्री लावू देत नाहीस!"

"कापल्यावर किती हळहळ वाटते ते मलाच माहीत आहे."

"तेव्हा मी न मागता दिलीस. आता मागतेय, तर नाही म्हणतेस?"

आईनं स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं.

पाळण्याच्या तुकड्याची लेस आम्ही उसवून बाजूला ठेवली. तुकडा आणि लेस दोन्ही आधी आईच्याच पावडरीत धुऊन पांढरी केली, नाहीतर तुलनेला अर्थ नव्हता. मग तुकड्याचे तुकडे केले आणि ओट्यावर कमी-जास्त कडक चहाचे कप मांडले.

"साखर नाही ना घातलीस?" बाबांनी विचारलं.

"बाबा, तो जाळीला आहे."

दुसऱ्या कपात नुसता चहा नव्हता, हे बाबांना पिऊन झाल्यावर कळलं. तिसऱ्या कपातला रंग झग्याशी जुळला. त्याच हिशेबानं मोठ्या पातेल्यात चहा केला आणि जाळी व लेस त्यात एकदम बुडवली. पातेल्याशी आई उभी राहिली. चहा हे तिचं खातं होतं.

जाळी सुकल्यावर टाचणीबाईंनी ती टेबलावर पसरली, कोपराच्या मापावर खडूची रेघ ओढली आणि कात्री उचलली.

"इकडे द्या," आई म्हणाली. "एकदा कापलीय, माझा हात बसलाय."

तिनं एका दमात कापली. उंदराची खाच खालच्या तुकड्यात गेली. नव्या काठाला पाळण्याची लेस लागली आणि जाळीच्या चारही बाजू इतक्या वर्षांनी सारख्या झाल्या.

लग्नाच्या दिवशी मावशीनं ताईच्या पाठीवरची जाळी दोन बोटांत धरून पाहिली. "अगदी होती तशी जपलीस गं!"

"मग काय," आई म्हणाली, "कात्रीसुद्धा लावू दिली नाही."

ताईनं मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते आणि मावशीला वाटलं, पोरीला रडू येतंय. तिला जवळ घेताना मावशी थांबली, तिनं नाक फुगवून हुंगलं. "चहाचा वास कुठून येतोय गं?"

आईनं बाबांकडे बघितलं.

"थांबा, कुठे मिळतोय का बघतो," म्हणून बाबा लगबगीनं बाहेर गेले.